जमीन धरणारी

इस्पितळाच्या लाँड्रीत चादरीची घडी एकटीने घालता येत नाही. तापलेल्या रुळांमधून चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा आणि एकमेकींकडे चालत जाऊन कोपऱ्याला कोपरा मिळवायचा. धाकटी आणि थोरली या दोघी जावा. उभा जन्म त्या अशा एकमेकींकडे चालत आल्या, कोपरे जुळवले आणि परत लांब गेल्या. बोलणं चालू आहे की अबोला, याचं चादरीला काही देणंघेणं नव्हतं. अबोला असला तर झटका उलट जोरात बसतो आणि घडी कशी परीटघडीसारखी कडक येते, असं तिथली मुकादमीण म्हणायची. तिच्या मते या दोघींनी महिन्यातून एकदा तरी भांडावं.

धाकटीचं खरं नाव लग्नानंतर कुणी घेतलंच नाही. केस पांढरे झाले, नात शाळेत जायला लागली, तरी भाजीवाल्यापासून इस्पितळाच्या दरवानापर्यंत सगळ्यांची ती धाकटीच. थोरली उंच, गोरी, नाकासमोर चालणारी आणि आवाजाची धनीण. धाकटी बुटकी, रुंद, बसली की बसली. दोघींना शेजारी उभं केलं तर घर आणि घराचं जोतं, असं धाकटीचा नवरा म्हणायचा. तो बस चालवायचा. निवृत्त झाल्यावर बोलायला प्रवासी उरले नाहीत, म्हणून सगळे विनोद घरात करायचा.

त्यांची मंडळी मूळची डोंगरापलीकडच्या एका खोऱ्यातली. आईबापांच्या काळात ते खोरं सोडावं लागलं. कुणी ट्रकने आलं, कुणी पायी, आणि धाकटी आली ती आईच्या मांडीवर. खोऱ्याची तिला काही म्हणजे काही आठवण नव्हती. मंडळींनी येताना भांडी आणली, अंथरुणं आणली आणि एक गाणं आणलं. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एक लांबट खोली भाड्याने घेतली होती. तिथे आठवड्यातून एकदा जमून ती हे गाणं म्हणत. हीच त्यांची प्रार्थना.

गाण्याची रीत अशी. सगळे गोल उभे राहणार, तोंडं एकमेकांकडे. मधोमध फरशीवर एक बाई बसणार. तिला शब्द नाहीत. एकच खालचा सूर तिने धरायचा, तो गाणं संपेपर्यंत सोडायचा नाही. बाकीच्यांचे आवाज त्या सुरावर चालतात, चढतात, भांडतात, परत येतात. या सुराला ‘जमीन’ म्हणत आणि तिला ‘जमीन धरणारी’. खोरं सोडताना जमीन तेवढी उचलता आली नाही, म्हणून ती गळ्यात घालून आणली, असं म्हातारी माणसं सांगत. जमीन नसेल तर गाणं नाही. आणि गाणं अर्धं म्हणायचं नाही, अर्धं ऐकायचंही नाही.

धाकटीची आई जमीन धरायची. बाळपणी धाकटीने गाणं ऐकलं ते आईच्या मांडीत, तिच्या पोटाला कान लावून. त्यामुळे ऐकलं असं तरी कसं म्हणायचं? एक गुणगुण तेवढी अंगात शिरलेली. थोडी मोठी झाल्यावर आईने तिला शेजारी बसवून श्वास चोरायला शिकवलं. वरचे आवाज भरात आले की नाकाने गुपचूप घोटभर हवा घ्यायची, सुराला पत्ता लागू द्यायचा नाही. आईनंतर जमीन तिच्याकडे आली आणि तिच्याकडेच राहिली. ना शब्द, ना टाळ्या, ना कुणी बघणार. अशी जागा दुसऱ्या कुणाला हवी होती? उंच जागा थोरलीची होती. तिसऱ्या कडव्यात थोरलीचा आवाज एकटा वर जायचा आणि उभी मंडळी डोळे मिटून घ्यायची. नंतर घरोघरी त्याचीच चर्चा. धाकटी मुकाट ऐकायची, मान डोलवायची. कारण तिला काय सांगता येणार? जमीन धरली की तिची सगळी कवटी स्वतःच्याच सुराने भरून जायची. न्हाणीघरात नळ सोडून बसल्यावर बाहेर कुणी बोलावं, तसे बाकीचे आवाज कुठून तरी यायचे.

एकदा पावसापाण्याच्या दिवसांत नवऱ्याने तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दुधाची शिट्टी वाजून वाजून थकली, दूध करपलं आणि ही शेजारीच भाजी निवडत बसली होती, एवढं निमित्त. डॉक्टरीणबाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. मग कागदावरची खाली उतरत गेलेली रेघ दाखवली.

“लाँड्रीतल्या यंत्रांनी केलंय हे. बारीक, वरचे आवाज आधी जातात. पाखरं, घंटी, लहान मुलं. जाड आवाज बरेच दिवस राहतील.”

“आणि बायकांचं गाणं?”

“वरच्या पट्टीतलं आधी.”

डॉक्टरीणबाईंनी कानातलं यंत्र दिलं. बोलणं कळेल, पण गाण्यासाठी ते फारसं कामाचं नाही, हेही सांगितलं. बाहेर नवरा बाकावर बसला होता.

“काय म्हणाल्या?”

“तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता म्हणाल्या.”

तो हसला, पण बसमध्ये बसल्यावर तिचा हात धरून बसला. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मनात एकच हिशेब चालला होता. थोरलीचा आवाज जाणार. जन्मभर ज्याच्या खाली बसले तो आवाज, आणि मी तो एकदाही धड ऐकलेला नाही.

ती फिल्मवाली आली ती याच सुमारास. तरुण मुलगी, केस आखूड, पायात चिखलाचे बूट. घर सोडून आलेल्या माणसांच्या गाण्यांवर तिला माहितीपट करायचा होता. प्रार्थनेतले सर्वांत वडील म्हणजे आबा. त्यांनी तिला तीनदा परत पाठवलं. प्रार्थना काय तमाशा आहे? चौथ्यांदा ती कॅमेरा न घेता आली आणि नुसती भिंतीशी बसून राहिली. गाणं संपल्यावर तिला उठता येईना. आबांनी स्वतः तिला पाणी दिलं.

“आमच्यातली निम्मी पोरं दुसऱ्या गावांना गेली,” आबा मग मंडळींना म्हणाले. “उद्या गोल करायला माणसं पुरायची नाहीत. घेऊ द्या पोरीला. पण अट एकच. तुकडा तुकडा कुणाला ऐकवायचा नाही. सगळं तयार झालं की आधी आम्हाला, पुरतं.”

धाकटीच्या ध्यानात आलं. गाणं आपल्याबाहेर जाऊन उभं राहणार होतं. मग आपल्याला ते ऐकता येणार होतं, कान असेपर्यंत.

चित्रीकरण एका जुन्या सभागृहात झालं. लोकांकडे तोंड करून उभं राहा, अशी विनंती फिल्मवालीने केली. आबा म्हणाले, “आम्ही एकमेकांना ऐकवतो. लोकांना हवं असेल तर त्यांनी भोवती बसावं.” मग खुर्च्याच भोवती मांडल्या. कॅमेरावाला सगळ्यांची तोंडं टिपत फिरला. धाकटी पायांच्या जंगलात कुठे दिसेना. शेवटी फिल्मवाली स्वतः फरशीवर पालथी झोपली आणि कॅमेरा जमिनीला टेकवला. थोरलीने वरून बघितलं आणि म्हणाली, “आमच्या टाचा चांगल्या येताहेत ना गं? सकाळीच घासल्यात.”

नंतर मुलाखती झाल्या. फिल्मवालीने धाकटीला खिडकीशी बसवलं.

“मावशी, हे गाणं ऐकताना तुम्हाला काय वाटतं?”

“मी ऐकलेलं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही ऐकलं. मी त्यात असते ना.”

कॅमेरा चालूच राहिला. मागून नवऱ्याचा आवाज आला, “काखेत कळसा नि गावाला वळसा!” आणि तोही फिल्ममध्ये राहिला.

आवाजाचं काम करणारा गडी भला होता. त्याने कानावरचे गोल काढून तिच्यापुढे धरले. “मावशी, आत्ता ऐका की. सगळं यात आहे.” काळे, मऊ, गोल. धाकटीने दोन्ही हात पाठीमागे नेले, गरम भांड्याला हात लावू नये म्हणून पोरं नेतात तसे. “पुरतं झालं की,” ती म्हणाली. आबा दारात उभे होते. त्यांनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

पण फिल्म म्हणजे काय पोळी नव्हे, लाटली नि भाजली. थंडी गेली, उन्हाळा आला. धाकटीच्या घरातून एकेक आवाज उठून चालला होता. आधी चिमण्या. मग दाराची घंटी. मग फोनवरची नात; तिचं बोलणं नुसता वारा झालं. कानातलं यंत्र घातलं की पातेल्याचा आवाज पत्र्यावर पडल्यासारखा यायचा, म्हणून ते डबीत राहायचं. तिने कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी थोरलीच्या तोंडाकडे बघायची आणि मनात म्हणायची, अजून येतंय ऐकू.

थोरलीला वेगळंच वाटलं. तिने लाँड्रीत पाठीमागून तीनचारदा हाक मारली, धाकटीने वळूनही बघितलं नाही. झालं! “कानामागून आली नि तिखट झाली. फिल्ममध्ये काय आली, ओळख विसरली!” असं ती मुकादमिणीला मोठ्याने म्हणाली. तेही धाकटीला ऐकू गेलं नाही. मग अबोला. चादरींच्या घड्या कडक येऊ लागल्या. शेवटी धाकटीच्या नवऱ्यानेच थोरल्या वहिनीला गाठलं.

“वहिनी, रुसता कुणावर? तिला ऐकूच येत नाही.”

दुसऱ्या दिवशी थोरलीने चादरीचं टोक धरलं आणि झटका द्यायचं विसरली.

“कधीपासून?”

“झाले दिवस.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही चार घरी सांगितलं असतं.”

“सांगितलंच असतं!” थोरली म्हणाली. मग चालत जवळ आली, कोपरे मिळवले, पण टोक सोडलं नाही. “सगळंच जाणार?”

“वरचं आधी. म्हणजे तुमचा आवाज, जाऊबाई.”

रुळांतून पुढची चादर येऊन टोपलीत गोळा झाली. थोरली तशीच उभी.

“बरं झालं,” ती शेवटी म्हणाली. “माझ्या टोमण्यांतून तरी वाचलीस.”

“टोमणे तुम्ही खालच्या आवाजात मारता. ते राहतील.”

दोघी हसल्या आणि मुकादमीण ओरडली. त्या दिवशी घड्या मऊ आल्या. हसणं ओसरल्यावर धाकटीने मनातलं सांगितलं. फिल्म लवकर व्हायला हवी, बाकी काही नको. एकदा बाहेर बसून ऐकायचंय.

फिल्म झाली. एका छोट्या चित्रपटगृहाने दुपारच्या खेळाआधीचा वेळ दिला. मंडळी लग्नाला निघाल्यासारखी नटून आली. थोरलीने केस धुऊन, नवी चप्पल घालून पुढून दुसऱ्या रांगेतली मधली खुर्ची धरली. आज तिचा दिवस होता. धाकटीने कानातलं यंत्र काढून नवऱ्याच्या खिशात ठेवलं. पत्र्याचा आवाज आज नको.

दिवे गेले. पडद्यावर लाँड्री आली, चादरी आल्या, आणि दोन बायका एकमेकींकडे चालत आल्या. अंधारात खसखस पिकली. “अगंबाई, मी एवढी जाड?” “तू कमीच दिसतेयस!” आबा पडद्यावर चष्मा शोधत होते आणि तो कपाळावरच होता. मग सभागृह आलं. गोल उभे पाय. पायांच्या फटीतून, जमिनीलगत, धाकटीचा चेहरा. मोठा, भिंतीएवढा. डोळे मिटलेले.

गाणं सुरू झालं.

आणि संपलं.

दिवे लागले तेव्हा सगळे रडत होते, फिल्मवालीसुद्धा. नवरा धाकटीचा दंड हलवत होता. धाकटीचा घसा कोरडा पडला होता, आणि तो का कोरडा पडला ते तिला हळूहळू उमगलं. पडद्यावर गाणं उठताक्षणी तिच्या गळ्याने जमीन धरली होती. तिने ठरवलं नव्हतं, तिला कळलंही नव्हतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, श्वास चोरत, खुर्चीत बसून तिने गाण्याला खालून धरून ठेवलं होतं. मंडळींना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गाणं आहे तर जमीन असणारच. तिने मात्र याही वेळी ऐकलं नव्हतं. पुन्हा तोच नळ, तेच न्हाणीघर.

थोरली रांगेतून वळून बघत होती.

“काय ऐकलंस?”

धाकटीने ‘काहीच नाही’ अशी मान हलवली.

“परत लाव म्हणावं पोरीला,” नवरा म्हणाला. फिल्मवाली पळत यंत्राच्या खोलीकडे गेली आणि होकारार्थी मान डोलवत परत आली. वेळ होता. फक्त गाणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

“पण ती परत धरणार,” आबा म्हणाले. “तिचा इलाज नाही.”

“आबा, पडद्यावर आहेच ना जमीन,” फिल्मवाली म्हणाली. “मावशींचीच आहे.”

“चित्रातल्या जमिनीवर पाय ठेवता येतो का, पोरी? गाणं वाजलं की जित्या माणसाने धरायला हवं. नाहीतर हिचा गळा गप्प बसायचा नाही, आणि बसूही नये.”

एकमेकांकडे बघणं झालं. तेवढ्यात थोरली उठली. नव्या चपला खुर्चीखाली सारल्या, दोन रांगांच्या मधल्या वाटेत आली आणि गुडघे कटकट वाजवत गालिच्यावर बसली. पडद्याकडे पाठ करून. समोर बघत बसलं तर आपल्याच आवाजामागे गळा पळेल, हे तिला ठाऊक असावं.

“जाऊबाई, अहो हे काय!” धाकटी म्हणाली. “तुमचं कडवं आहे. तुम्हाला ऐकायचं नाही का?”

“गप्प बस. मी धरते.”

“तुम्हाला येते?”

“बाई गं, जन्मभर जिच्यावर उभी राहिले ती मला ठाऊक नसेल? भाऊजी, हिच्या तोंडावर हात ठेवा. मोठा ठेवा, बसच्या ब्रेकसारखा.”

दिवे पुन्हा गेले. थोरलीने सूर धरला. खरखरीत होता, थोडा डळमळला, मग बसला. नवऱ्याचा हात येण्याआधीच धाकटीने दोन्ही तळहात स्वतःच्या ओठांवर दाबले. गळा उठू पाहत होता, पण पायाखाली कुणीतरी आहे हे त्याला कळलं असावं. तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा, गाणं चालू असताना, तो थांबला.

मग तिने ऐकलं.

आधी तिला वाटलं, हे दुसरंच काही आहे. तिच्या लेखी गाणं म्हणजे एक सपाट, लांबलचक धरून राहणं. आणि इथे माणसं येत होती, जात होती. एक आवाज दारातून आत यायचा, दुसरा त्याला जागा द्यायचा. दोघे भांडायचे, तिसरा मध्ये पडायचा. म्हाताऱ्या आबांचा फाटका आवाज सगळ्यांच्या मागून ओझं घेऊन चालत होता. पुढे गेलेले त्यांच्यासाठी थांबत होते. थांबत होते! हे तिला कधीच कळलं नव्हतं. अख्खं खोरं चाललं होतं तिच्या डोळ्यांसमोरून, तिने कधी न पाहिलेलं, त्याचे चढ आणि त्याचे उतार. आणि त्या सगळ्यांच्या खाली एक आवाज होता. तो खुर्चीतून, फरशीतून, तिच्या पोटऱ्यांतून वर येत होता. जाड, शांत, कुणाची वाट बघत बसल्यासारखा. तिला तो ओळखीचा वाटला. ही तर आई, तिच्या मनात आलं. आईच्या पोटाला कान लावल्यावर हाच यायचा. मग पडद्यावर तिचा स्वतःचा चेहरा दिसला आणि तिने तळहात आणखी घट्ट दाबले.

तिसरं कडवं आलं. थोरली पडद्यावर मान मागे टाकून उभी होती. बाकीचे आवाज बाजूला झाले आणि तो एकटा वर निघाला. धाकटी त्याच्यामागे जात राहिली. किती वर! एवढ्या वर जाऊन हे माणूस दर आठवड्याला परत येत होतं, चपला घालत होतं आणि माझ्या आमटीला नावं ठेवत होतं? आवाज बारीक होत गेला, चादरीच्या कडेचं सूत निघत जावं तसा, आणि अगदी टोकाला तो तिच्या कानांतून निसटला. पडद्यावर थोरलीचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. तेवढा तुकडा गेला होता. उशीर झाला होता तेवढ्यापुरता.

पण त्या रिकाम्या जागेत तिला खालून दुसरा आवाज ऐकू आला. गालिच्यावरून. खरखरीत, डळमळता, श्वास कसा चोरायचा ते माहीत नसल्याने मध्ये मध्ये धापा टाकणारा. तोही थोरलीचाच. आवाज वर गेला होता तो हिचा, आणि तो पडू नये म्हणून खाली बसली होती तीही हीच. धाकटीने तळहात काढले नाहीत. डोळ्यांतलं पाणी त्यांच्यावरून मनगटापर्यंत गेलं.

दिवे लागले. दुपारच्या खेळाची माणसं तिकिटं हातात धरून दाराशी उभी होती.

“कुणीतरी उठवा मला,” गालिच्यावरून थोरली म्हणाली. “गुडघे गेले माझे.”

धाकटी गेली, समोर उभी राहिली. थोरलीने दोन्ही हात वर केले आणि धाकटीने ते धरले, रुळांतून आलेली चादर धरावी तसे, दोन टोकांना.

“कशी होते मी?” थोरलीने विचारलं.

धाकटीला सांगायचं होतं. खोरं सांगायचं होतं, आबांसाठी थांबलेले आवाज, ती उंची, ते निसटलेलं टोक.

“जाऊबाई,” ती म्हणाली, “तुम्ही दर वेळी तिथे जात होता?”

“कुठे गं?”

“तिथे. वर.”

थोरलीने तिच्या ओल्या तोंडाकडे बघितलं. मग नाक मुरडलं. “मला काय ठाऊक? मेलं आत्ता तर मला माझं काहीच ऐकू आलं नाही. कानात नुसता माझाच घोगरा सूर भरलेला.”

“हो,” धाकटी म्हणाली. “तसंच होतं.”

आणि तिने झटका देऊन जावेला उभं केलं.